तामिळ स्वयंपाकघर : काय गेलें, काय राखावें

स्वयंपाकघर हा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें बोलण्यासाठीं निवडावा, आणि तेंहि आपल्या नव्हे तर तामिळ घरांतलें स्वयंपाकघर, याचें आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. परंतु हा विषय मला अगदींच परका नाहीं. माझा नोकरीचा बहुतेक काळ मुंबईंत माटुंग्याच्या बाजूस गेला. त्या भागांत तामिळ कुटुंबांची वस्ती फार जुनी आहे. वर्गांत बसणारीं पुष्कळशीं मुलें तामिळ, जिन्याच्या पलीकडचें बिऱ्हाड तामिळ, आणि सकाळच्या प्रहरीं जिन्यांत दरवळणारा वासहि कॉफीचा. शिवाय मराठी माणसाचा तामिळ स्वयंपाकघराशीं जुना ऋणानुबंध आहे. त्याची हकीकत पुढें ओघानें येईल.

या घरांतून गेल्या कांहीं वर्षांत एक उद्गार वारंवार ऐकूं येतो : "आजीच्या हातची चव आतां राहिली नाहीं." असा उद्गार आपल्याकडेहि निघतोच. पण हळहळणें सोपें असतें. हळहळ नेमकी कशाबद्दल आहे हें सांगणें अवघड असतें. मुलगा "गणित येत नाहीं" म्हणाला कीं मास्तर त्याला विचारतो, "कोणतें गणित? कोणत्या पायरीवर अडलें?" तसेंच आज आपण करूं. तामिळ स्वयंपाकघरांतून काय गेलें, तें कशामुळें गेलें, आणि गेलेल्यांतून राखण्याजोगें काय आहे, हे तीन प्रश्न क्रमानें घेऊं.

प्रथम दगड घेऊं. कारण जुनें तामिळ स्वयंपाकघर दगडावर उभें होतें असें म्हटलें तरी चालेल. वाटण्याकुटण्याचीं साधनें मुख्यतः चार. 'अम्मी' म्हणजे आपला पाटा, आणि तिच्यावर फिरणारी 'कुळवि' म्हणजे वरवंटा. 'उरल्' म्हणजे उखळ. त्याचें मुसळ ती 'उलक्कै'. 'तिरुवै' किंवा 'एंदिरम्' म्हणजे जातें. चौथें साधन 'आट्टुक्कल्', म्हणजे आपला रगडा. जड दगडाच्या मधोमध खळगा, आणि त्यांत नेमका बसणारा उभा गोटा. बाईनें जमिनीवर बसावें, उजव्या हातानें तो गोटा गरगर फिरवावा, आणि कडेला चढून येणारें पीठ डाव्या हातानें पुन्हां खळग्यांत लोटावें. दोन्ही हातांची ही लय साधली नाहीं तर बोटें चेंगरलींच म्हणून समजावें.

या दगडाचा चवीशीं काय संबंध, तें इडलीच्या उदाहरणावरून समजेल. साधारणपणें चार भाग उकडा तांदूळ आणि एक भाग उडदाची डाळ वेगवेगळीं भिजत घालतात. उडीद आधीं आणि पुष्कळ वेळ वाटतात; तो फुगून लोण्यासारखा हलका व्हावा लागतो. तांदूळ मात्र किंचित् रवाळ ठेवतात. मग दोन्ही एकत्र करून, मीठ घालून, हातानें कालवून रात्रभर ठेवतात. उडदाबरोबर आलेले सूक्ष्म जंतु त्या पिठांत वाढतात. ते आम्ल निर्माण करतात, त्यामुळें आंबटपणा येतो. आणि वायु निर्माण करतात, त्यामुळें पीठ फुगतें. उडदांतला चिकट अंश हा वायु धरून ठेवतो. आतां दगड सावकाश फिरतो, म्हणून वाटतांना पीठ तापत नाहीं आणि त्यांत हवा भरपूर मिसळते. वेगानें फिरणारें पोलादी पातें डाळीचे तुकडे करतें, पण त्याबरोबर तिला तापवतेंहि. तेव्हां "मिक्सरवरच्या पिठाची इडली तशी होत नाहीं" असें जी आजी म्हणते, ती केवळ जुन्याची ओढ म्हणून म्हणत नाहीं. तिच्या म्हणण्याला आधार आहे.

दगडाचा मान केवळ वाटण्यापुरता नव्हता. तामिळ विवाहांत वर वधूचा पाय धरून अम्मीवर ठेवतो, आणि मग तिला अरुंधतीचा तारा दाखवितात. आपल्याकडच्या अश्मारोहणाचा अर्थ तोच : या दगडासारखी स्थिर हो. आज कित्येक घरीं रोजच्या वाटणाला अम्मी नाहीं. लग्नाच्या दिवशीं मात्र ती कोठून तरी शोधून आणावी लागते. साधन गेलें आणि त्याची खूण तेवढी उरली.

आतां भांड्यांकडे वळूं. 'कल्चट्टि' म्हणजे दगडी भांडें. तें सेलमच्या बाजूस मिळणाऱ्या मऊ दगडाचें, म्हणजे आपण ज्याला शंखजिरें म्हणतों त्या जातीच्या दगडाचें कोरतात. नवें भांडें एकदम चुलीवर ठेवलें तर तडकतें. त्याला तेल-हळद चोपडावी लागते, गरम पेज कांहीं दिवस त्यांत ओतून ठेवावी लागते, आणि मग मंद आंचेची संवय लावावी लागते. एकदां मुरलें कीं मग त्याचें गुण पाहावे. चिंचेच्या आंबटानें तें बिघडत नाहीं, आणि चुलीवरून उतरल्यावरहि आंतलें 'कुळंबु' कितीतरी वेळ खदखदत राहतें.

दुसरें भांडें 'ईयच्चोंबु', म्हणजे कथलाचा तांब्या. यांत रसम् करतात. तामिळ भाषेंत 'ईयम्' हा शब्द दोन धातूंना आहे : 'वेळ्ळीयम्', म्हणजे पांढरें ईयम्, तें कथील, आणि 'कारीयम्', म्हणजे काळें ईयम्, तें शिसें. शिसें विषारी असल्यामुळें विकत घेतांना हा भेद डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. कथील २३२ अंश उष्णतेला वितळतें. भांड्यांत रसम् आहे तोंपर्यंत पाणी त्याला तितकें तापूं देत नाहीं; पण रिकामें भांडें जाळावर राहिलें, किंवा ज्योत कडेनें वर चढली, तर पाहतां पाहतां त्याचा गोळा होतो. म्हणून हें भांडें ठेवून बाईला दुसऱ्या कामाला जातां येत नसे. रसावर फेंस चढेपर्यंत तिनें तेथें उभें राहावयाचें, आणि उकळी फुटण्यापूर्वीं तें उतरावयाचें. रसम् फार उकळलें कीं त्याचा सुवास जातो, हें आपण जाणतोंच. भांडेंच जणूं लक्ष ठेवावयास शिकवीत होतें. पोलादाच्या भांड्याला असें लक्ष लागत नाहीं. तो त्याचा गुणहि आहे आणि दोषहि.

चुलीची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. तामिळ घरांत मोठ्या चुलीला लागून एक बाजूची चूल असे. तिला 'कोडियडुप्पु' म्हणत. मुख्य चुलीचा उरलेला जाळ तिच्यांत जाई, आणि तिच्यावर दूध किंवा डाळ मंदपणें शिजे. आपल्याकडे तिला वैल म्हणतात. वैलावर ठेवलेल्या पदार्थाची चव ज्यांनीं घेतली आहे त्यांना अधिक सांगावयास नको.

भांडीं व चूल यांच्यापेक्षांहि वर्षाचा क्रम ही या स्वयंपाकघराची खरी संपत्ति होती. मार्गळि महिन्यांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहांटे दारांत तांदळाच्या पिठाचें कोलम् आणि देवाला पोंगल. तै महिन्याच्या पहिल्या दिवशीं नव्या तांदळाचें भांडें, त्याच्या गळ्याला हळदीचें ओलें रोप बांधलेलें, आणि दूध उतूं गेलें कीं सर्वांनीं मिळून केलेला "पोंगलो पोंगल" हा घोष. आपण दूध उतूं गेलें कीं हळहळतों. तेथें त्या दिवशीं तोच शुभशकुन! नवरात्रांत बाहुल्यांचा 'गोलु' मांडून रोज नव्या कडधान्याचें 'सुंडल'. दिवाळीच्या पहांटे अभ्यंगस्नानानंतर गोडाला हात लावण्यापूर्वीं सुंठ, मिरें, पिंपळी, ओंवा, गूळ आणि तूप यांचें काळें 'लेगियम्' बोटभर चाटावयाचें, म्हणजे फराळ बाधूं नये. ज्यानें सण दिला त्यानें सणाचें औषधहि त्याच ताटांत ठेवलें होतें.

आणि चित्रा-वैशाखाचें ऊन! त्या दिवसांत वर्षाची बेगमी होई. तांदळाचें पीठ मीठ, मिरची, हिंग घालून पहांटे शिजवावयाचें, ऊन चढण्यापूर्वीं गच्चीवर जुनें धोतर अंथरून त्यावर सोऱ्यानें 'वडम्' घालावयाचे. आपली कुरडई ती याचीच सख्खी बहीण. ताकांत मुरवून वाळविलेल्या मिरच्या, सुंडक्काय् व मणत्तक्काळी यांचीं वाळवणें, मिठांत मुरविलेल्या महाळुंगासारख्या 'नार्त्तंगाय्'च्या फोडी, बाळकैऱ्यांचें 'वडुमांगाय्', अशी ती मोठी यादी आहे. राखणीला मुलें बसत, आणि अर्धवट वाळलेले वडम् निम्मे तरी राखणदारांच्याच पोटांत जात. कावळ्यांची मात्र मोठी मौज होई. जेवणापूर्वीं कावळ्याला भाताचा घांस ठेवण्याची त्या घरांत रीत. तेव्हां सकाळीं ज्याला काठी दाखवून हांकलावयाचें त्यालाच दुपारीं आर्जवानें बोलवावयाचें. आज गच्ची सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाहीं, मुलांना परीक्षा, हवेंत धूळ, आणि वाण्याच्या दुकानांत वडम् बाराहि महिने पिशवींत बांधून तयार. वाळवण बंद पडलें तें कोणी ठरवून बंद केलें नाहीं. त्याला लागणारी जागा, वेळ आणि माणसें एकेक करून निघून गेलीं.

केळीच्या पानाचें तसें नाहीं. तें अद्याप टिकून आहे. पानाचें टोंक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ-लोणचें डावीकडे, भात प्रथम सांबाराबरोबर, मग रसमाबरोबर, शेवटीं दह्याताकाबरोबर, हा क्रम लग्नकार्यांत आजहि पाळतात. ही चाल किती जुनी आहे पाहा. 'शिलप्पदिकारम्' या प्राचीन तामिळ महाकाव्यांत कण्णगी मदुरेबाहेर गवळ्यांच्या वस्तींत उतरते, तेथें मिळालेल्या भाज्यांचा स्वयंपाक करते, आणि कोवलनाला केळीच्या पानावर वाढते. तें त्याचें अखेरचें जेवण ठरतें. पैंजण विकावयास गेलेला कोवलन परत येत नाहीं. काव्यकर्त्याला शोकाचा प्रसंग उभा करण्यापूर्वीं एक साधें जेवण दाखवावेंसें वाटलें, यांतच सर्व आलें.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं हें सारें कावेरीकांठच्या खाऊनपिऊन सुखी घरांचें वर्णन झालें. तें खरें आहे. तामिळ देश म्हणजे केवळ कावेरीचीं भातखाचरें नव्हेत. कोरडवाहू मुलखांतल्या घरीं रोजचा भात नव्हताच. तेथें नाचणीचें 'कूळ्' आणि घट्ट 'कळि', बाजरी, राळे, सावा, कोद्रा. सकाळीं रात्रीचा भात किंवा कूळ् पाण्यांत आंबलेलें, त्यावर ताक, तोंडीं लावावयास लहान कांदा. आपली आंबील आणि कोंकणांतला शिळा भात आठवावा. पुढें स्वस्त धान्याच्या दुकानांतून तांदूळ घरोघर पोंचला. तामिळनाडूंत २००८ सालीं तो रुपयाला किलो झाला आणि २०११ पासून शिधापत्रिकेवर मोफत मिळूं लागला. ज्यांना सणापुरता भात मिळे त्यांना तो रोज मिळूं लागला, याचा आनंद त्या घरांना होणें स्वाभाविक होतें. नाचणीची आठवण काढून त्यांनीं अश्रु ढाळले नाहींत. मग २०२३ हें भरड धान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरें झालें, आणि शहरांतल्या सुशिक्षितांना तेंच कूळ् औषधी म्हणून प्रिय झालें. तात्पर्य, सक्तीनें खाल्लेल्या अन्नाची आठवण आणि आवडीनें खाल्लेल्या अन्नाची आठवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्याचे गोडवे गातांना तें कोणाला गोड होतें, हें आधीं विचारावें.

तसेंच, जुनें म्हणजे किती जुनें, हाहि प्रश्न आहे. तामिळ घराची खूण म्हणून आपण कॉफी सांगतों : पितळी गाळणी, 'डबरा' आणि पेला, आणि हातभर उंचीवरून ओतून आणलेला फेंस. परंतु मध्यमवर्गीय तामिळ घरांत कॉफी रुळली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं. त्या काळच्या जुन्या मंडळींनीं, या परक्या काढ्यानें सकाळचें 'नीरागारम्', म्हणजे भाताचें आंबलेलें पाणी, मागें पडलें, म्हणून पुष्कळ टीका केली होती. आज तीच कॉफी परंपरा म्हणून गौरविली जाते!

मिरचीचेंहि असेंच. ती अमेरिका खंडांतली. आपल्याकडे सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आली. त्यापूर्वीं तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. तामिळमध्यें मिऱ्याला 'मिळगु' आणि मिरचीला 'मिळगाय्', म्हणजे मिळगुचें फळ, म्हणतात. मराठींतहि मिरें आणि मिरची यांचें नातें तेंच आहे. साहेब लोकांनीं 'मिळगुत्तण्णि', म्हणजे मिऱ्याचें पाणी, नेलें आणि त्याचें 'मुलिगटॉनी' सूप केलें. जुना स्वयंपाक कसा होता हें पाहावयाचें असेल तर त्या घरचें श्राद्ध पाहावें. ब्राह्मण घरांतून त्या दिवशीं मिरची, बटाटा, टोमॅटो, कोबी वर्ज्य. तिखटाला मिरें, भाजीला कच्चीं केळीं, कारलीं, सुरणासारखे कंद. पितरांना नव्या भाज्या ओळखीच्या नाहींत, असा जणूं त्यांतला भाव. वर्षांतून एक दिवस त्या स्वयंपाकघरांत चारपांचशें वर्षांपूर्वींचें ताट वाढलें जातें.

आतां आपल्या ऋणानुबंधाविषयीं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी राजे यांनीं १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि १८५५ पर्यंत तेथें मराठी राजवंश नांदला. पाहुणे आलेल्या संभाजी राजांसाठीं आमटी करतांना आमसुलें नव्हतीं म्हणून चिंच घातली आणि त्यावरून सांबार झालें, ही कथा आपण सर्वांनीं ऐकली आहे. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पण दंतकथेची गरजच नाहीं, इतका दुसरा पुरावा त्या ताटांत आहे. उडदाचें पीठ दह्यांत कालवून करतात त्या कोशिंबिरीला तेथें 'डांगर पच्चडि' म्हणतात. हें डांगर आपलेंच. 'रसवांगि' या नांवांत आपलें वांगें आणि 'पिट्लै' या नांवांत आपलें पिठलें ऐकूं येतें. आणि दुसरे सरफोजी राजे, ज्यांनीं १७९८ ते १८३२ राज्य केलें, त्यांच्या नांवाचा 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत हस्तलिखित रूपानें जतन झाला, आणि पुढें छापलाहि गेला. दूर कावेरीच्या कांठीं स्वयंपाकाची विद्या कोणाला तरी मराठींत लिहून ठेवावीशी वाटली, म्हणून ती आज आपल्या हातीं आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवा; तिचें काम शेवटीं पडणार आहे.

दुसरा प्रश्न होता, हें कशामुळें गेलें? उत्तर देतांना यंत्राला दोष देण्याची पद्धत आहे. पण कोइमतूरच्या यंत्राची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९५५ च्या सुमारास तेथें विजेवर चालणारा रगडा निघाला. त्यांत दगडच ठेवला होता. फिरविणारा हात तेवढा काढला होता. पुढें कोइमतूर हें या धंद्याचें माहेरघर झालें, आणि तेथल्या रगड्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. २०११ सालीं तामिळनाडु सरकारनें शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना मिक्सर, विजेचा रगडा आणि पंखा मोफत देण्याची योजना सुरू केली. ज्या बाईला दिवसभर शेतांत राबून घरीं आल्यावर रगड्यावर बसावें लागे, तिला त्या दिवशीं काय वाटलें असेल? लाकडाची चूल गेली म्हणून आपण खमंग वास गेला असें म्हणतों. पण तो धूर ज्या डोळ्यांत आणि छातींत वर्षानुवर्षें गेला, ते डोळे आणि ती छाती आपली नव्हती.

आमच्या शेजारीं कुंभकोणच्या बाजूच्या एक वृद्ध बाई राहत असत. सर्व इमारत त्यांना मामी म्हणे. त्यांची नात मुंबईंत जन्मली, मराठी शाळेंत शिकली. तामिळ बोलते, पण वाचतां येत नाहीं. नोकरीनिमित्त ती परगांवीं गेली, आणि आजीच्या कृति लिहून पाठवा असा तिनें हट्ट धरला. मामींना देवनागरी लिहितां येईना. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी सांगते, तुम्ही लिहा." असे पुष्कळ रविवार आम्ही वही घेऊन बसलों. मीं विचारावें, "चिंच किती?" उत्तर, "लिंबाएवढी." "लिंबू केवढें?" मामी हंसत. मग हातांत घेतलेली चिंच आम्ही तराजूंत घातली, आंकडा लिहिला. तरी त्या म्हणत, "हें नव्या चिंचेचें झालें. जुनी काळी चिंच असेल तर कमी घ्यायची, हेंहि लिहा." असें करतां करतां मला उमगलें कीं आंकडा हा कृतीचा निम्मा भाग आहे, उरलेला निम्मा, केव्हां थांबावें, हा आहे.

त्यांचा आट्टुक्कल् जिन्याखालीं पडून होता. एकदां मीं सहज विचारलें, "मामी, तो वर आणवूं कां? नात आली कीं तिला दाखवूं." त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मास्तर, तो दगड मीं चाळीस वर्षें फिरवला. घरांत सात माणसें. चव सगळ्यांना कळत होती. पण 'आज तूं ऊठ, मी बसतों', असें एकदांहि कोणी म्हटलें नाहीं. आतां सगळ्यांना दगडाची आठवण येते." आणि लगेच पुढें म्हणाल्या, "लिहा. उडीद वाटतांना पाणी एकदम घालायचें नाहीं, शिंपडायचें."

श्रोतेहो, माझ्या मतें या दोन वाक्यांत सर्व विषय आला. दगडाची आठवण मामींना नको होती. पण उडदावर पाणी शिंपडावयाचें, एकदम ओतावयाचें नाहीं, हें ज्ञान वायां जाऊं नये अशी त्यांची तळमळ होती. कष्ट एक आणि विद्या दुसरी. जुन्या स्वयंपाकघरांत हीं दोन्ही एकाच दगडाला चिकटलेलीं होतीं, म्हणून आपणांस तीं एकच वाटतात. कोइमतूरच्या यंत्रानें तीं वेगळीं करून दाखविलीं : दगड राहिला आणि खांदा सुटला. राखावयाचें तें काय आणि सोडावयाचें तें काय, याचें हें चांगलें माप आहे.

हें वेगळें करण्याचें काम लेखणीनेंहि होऊं शकतें. मद्रासच्या एस. मीनाक्षी अम्माळ यांना आप्तेष्टांकडून कृति विचारणारीं पत्रें येत. त्यांतून पुढें १९५१ सालीं त्यांनीं 'समैत्तुप्पार्' हें पुस्तक तामिळमध्यें प्रसिद्ध केलें. नांवाचा अर्थ, 'शिजवून पाहा'. लग्न होऊन सासरीं जाणाऱ्या आणि नोकरीसाठीं परदेशीं जाणाऱ्या मुलींच्या सामानांत हें पुस्तक ठेवण्याची चाल पडली. 'वाचून पाहा' असें नांव नाहीं, 'शिजवून पाहा' असें आहे, यांतलें मर्म विसरूं नये.

तामिळ भाषेंत 'कैमणम्' असा एक शब्द आहे. कै म्हणजे हात, मणम् म्हणजे सुगंध. आपण ज्याला हाताची चव म्हणतों तीच ही. ती दैवी देणगी आहे असें समजून आपण स्वस्थ बसतों. वास्तविक तिच्यांतला पुष्कळसा भाग शिकवितां येतो. शिकविणारा आणि शिकणारा एका ठिकाणीं बसला पाहिजे, इतकेंच. म्हणून शेवटीं, मास्तरकीच्या संवयीनें, थोडा गृहपाठ देतों. तो तामिळ घरांना आहे तसा मराठी घरांनाहि आहे.

घरांतल्या वृद्ध बाईनें मूठभर, चिमूटभर म्हटलें कीं तिच्या हाताखालीं वाटी धरा आणि तें मोजा. तामिळ घरांतून जुनीं मापें सांगतील : दोन आळाक्कु म्हणजे एक उळक्कु, दोन उळक्कु म्हणजे एक उरि, दोन उरि म्हणजे एक पडि. आपल्याकडे चिपटें, मापटें, पायली सांगतील. तीं मापें लिहा आणि शेजारीं आजचें मापहि लिहा. पण तेथें थांबूं नका. फोडणी झाली हें कशावरून ओळखलें, वासावरून कीं आवाजावरून. पीठ आंबलें हें उंचीवरून कळलें कीं बोट लावून. पावसाळ्यांत काय बदललें आणि उन्हाळ्यांत काय, हें विचारा. सांगणारीचें नांव आणि गांव वहीवर घाला. कृतीला लेखिका असते. लिहिलेलें तिच्यासमोर एकदां करून दाखवा, म्हणजे चूक तिची तीच दुरुस्त करील. ज्या लिपींत नातवंडांना वाचतां येतें त्या लिपींत लिहा. तामिळ कृति देवनागरींत लिहिल्यानें बाटत नाहीं, हें तंजावरच्या ग्रंथालयानें कधींच सिद्ध केलें आहे. आणि हा गृहपाठ केवळ मुलींना नाहीं. मुलग्यांनींहि तो करावा. "आजीच्या हातची चव राहिली नाहीं" असें जो म्हणतो, त्यानें प्रथम आपला हात पुढें करावा.

हें काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगें नाहीं. दगड जिन्याखालीं शंभर वर्षें पडून राहील, त्याला कांहीं होत नाहीं. सांगणारीं माणसें मात्र तितकीं थांबत नाहींत.